माळावर भिंत नव्हती

१९४४ सालच्या दिवाळीनंतर आमच्या गावात उंदीर पडले आणि गाव माळावर राहायला गेलं. शिमग्याच्या सुमारास गाव परत आलं, तेव्हा माझी थोरली वहिनी त्यात नव्हती.

बातमी एवढीच. ती कुठे छापून आली नाही. मी त्या वेळी सांगलीतल्या एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायचं काम करत होतो, आणि त्या साप्ताहिकातही ती आली नाही. लढाई चालू होती, कागदावर नियंत्रण होतं, पानं निम्मी झाली होती; एका खेड्यातली एक बाई प्लेगनं गेली याला जागा मिळण्यासारखे ते दिवस नव्हते. आज सकाळी समोरच्या घराला चुना द्यायला माणसं आली. पिंपात चुना विरवत ठेवलेला. त्याची वाफ आणि तो कोरडा, घशाला लागणारा वास आमच्या गॅलरीपर्यंत आला. मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. चुन्याच्या वासानं खरं तर सणासुदीची आठवण व्हायला हवी, कारण चुना निघतो तो लग्नकार्याला, नाहीतर दिवाळीला. मला मात्र त्या वासाबरोबर बंद घरांची एक रांग दिसते. इतक्या वर्षांत त्यात फरक पडलेला नाही.

आमचं गाव शिराळ्याच्या वाटेवर, उसाचं आणि हळदीचं. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली हे वेगळं संस्थान होतं. मी नोकरीला निघालो की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे, तेही कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून, जी चढ आला की उतारूंना खाली उतरवी. गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. आमच्या घरचा दादा, माझा थोरला भाऊ. लग्नानंतर वर्षभरातच तो गेला. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याची पत्रं पलटणीतला कुणी लिहिणारा लिहून देई, आणि ती आमच्यापर्यंत येत तेव्हा त्यातल्या कितीतरी ओळींवर काळी शाई फिरवलेली असे. तो कोणत्या देशात आहे हे आम्हांला माहीत नव्हतं. मी सांगलीला असलो की ती पत्रं वहिनी वाचून दाखवी. घरात माझ्याखेरीज वाचता येणारी ती एकटीच.

ती दुष्काळी माणातली, म्हसवडच्या बाजूची. मराठी चौथी झालेली. ती आमच्याकडे आली तेव्हा आईला तिच्या दोन गोष्टींचं नवल वाटलं: पाणी ती फार जपून वापरी, आणि बोलायला लागली की थांबत नसे. ‘‘पाण्याला कंजूस आन् बोलण्याला उधळी,’’ आई शेजारणींना सांगे. ‘‘तिकडं दुसरं पिकतंय काय? बोलाय पाऊस लागत न्हाई.’’ वहिनी हसून घेई. सासूच्या टोमण्याला हसायची पद्धत आमच्याकडे नव्हती, त्यामुळे आईला पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

माघ-फाल्गुनात हळद निघे. शिजवून, खळ्यावर वाळवून झाली की वाळलेले गड्डे आणि हळकुंडं मोडून वेगळी करायला आमच्या पडवीत बायका बसत. ते काम हाताचं. डोकं मोकळं राहतं. त्रेचाळीसच्या हंगामात वहिनीनं तिथं एक गोष्ट सांगायला घेतली. ऐकलेली नव्हे, तिनं स्वतः रचलेली. एका बाईचा नवरा लढाईवर जातो, समुद्रापलीकडे, आणि त्याची पत्रं यायची बंद होतात. ती बाई कुणाला न सांगता त्याला शोधायला निघते. पण ती बंदराकडे जात नाही. नवरा लहानपणापासून जिथं जिथं गेला होता, त्या त्या ठिकाणी ती एकेक करून जाते. ज्या विहिरीत तो पोहायला शिकला त्या विहिरीवर. ज्या जत्रेत तो हरवला होता त्या जत्रेत. जिथं त्यानं नागपंचमीला पहिल्यांदा नाग हातात धरला तिथं. हे असं उलटं का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, ‘‘मागचा माग लागल्याबिगर म्होरचा कसा लागंल?’’ प्रत्येक ठिकाणी त्या बाईला नवऱ्याबद्दल आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी कळे आणि ती पुढच्या ठिकाणाकडे निघे.

मी सुट्टीत घरी आलो की पडवीच्या उंबऱ्याशी बसून ऐकत असे. बायकांना त्याचं काही वाटत नसे. शेजारची काकू जैन. दिवस मावळल्यावर ती जेवत नसे, त्यामुळे संध्याकाळ जवळ आली की तिची घालमेल सुरू होई.

‘‘ए माणदेशी,’’ ती ओरडे, ‘‘दिस बुडायच्या आत मला जेवायचं हाय. त्याला जगीव न्हाईतर मार, पर लौकर काय ते कर.’’

‘‘जेवून या की काकू. त्यो काय पळून जातोय?’’

‘‘पळूनच ग्येलाय की त्यो! म्हणून तर ही बाई येड्यावानी हिंडती न्हवं?’’

सगळ्या हसत. ज्यांचे नवरे पलटणीत होते त्या तेवढ्या हसत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे, आणि तो त्या खाली बघून, हातातलं हळकुंड मोडता मोडता विचारत: ‘‘पर त्यो जिता हाय का न्हाई, येवढं सांग की.’’

‘‘सांगंन,’’ वहिनी म्हणे.

तिची काम करायची एक रीत होती, आणि या लेखाचं कारण ती रीतच आहे. गोष्टीचा पुढचा भाग सुचला की त्याचा एक शब्द ती भिंतीवर लिही. तो शब्द लिहिल्याशिवाय तो भाग ती तोंडातून काढत नसे. भिंत स्वयंपाकघरातली, चुलीमागची, मातीनं लिंपलेली, धुरानं काळपटलेली. तिच्यावर आईनं दुधाच्या रतिबाच्या रेघा ओढलेल्या असत. त्या रेघांच्या खाली, विझलेल्या कोळशानं, एकाखाली एक: विहीर. रथ. नाग. पेव. हळद साठवायला सांगलीकडे जमिनीत जे खोल खड्डे असतात त्यांना पेव म्हणतात. गोष्टीतला नवरा लढाईवर जाण्याआधी तिथं हमाली करत होता. बाकीचं सगळं तिच्या डोक्यात. भिंतीवर फक्त शब्द. ती हे करायची भाकरी तव्यावर असताना, कारण दिवसभरात चुलीपुढे एकटं बसायला मिळे ते तेवढंच. शब्द आला की हातातलं राहून जाई. आमच्या घरी भाकरी करपली की ताटावर बसलेल्या सगळ्यांना कळे की गोष्ट पुढे गेली. वडील करपलेला पापुद्रा सोलून कुत्र्याला टाकत आणि आईकडे बघत.

वडिलांची अडचण भाकरीची नव्हती. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या भागातल्या भिंती रातोरात बोलायला लागल्या होत्या. कुठल्या भिंतीवर कुणी काय लिहिलं यावरून माणसं धरली जात. एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून ती अक्षरं पाहिली आणि आईला म्हणाले, ‘‘भिताडावर अक्षर म्हंजी काय, ठावं हाय न्हवं? झडती झाली तर काय सांगू? सून गोष्ट रचती म्हणून?’’

सासऱ्याशी सून सरळ बोलत नसे. वहिनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून सासूकडे वळली. ‘‘आत्याबाई, मामंजींना म्हणावं, चुलीम्हागं कोण फौजदार येतोय?’’

‘‘ऐकलंसा?’’ आई वडिलांना म्हणाली. तिच्या आवाजात मला पहिल्यांदाच सुनेची बाजू ऐकू आली. वडील पडवीत निघून गेले.

मी एकदा छापखान्यातून कागदाच्या कातरणी आणल्या. पानं कापताना कडेच्या पट्ट्या उरत; त्या काळात त्याही मौल्यवान होत्या. मी वहिनीला म्हटलं, भिंतीवर कशाला, यावर सगळी गोष्ट लिहून काढा, मी सांगलीत दाखवतो. तिनं पट्ट्या हातात घेतल्या, नाकाला लावल्या, शाईचा वास येतो का पाहिला. मग घडी घालून भांड्यांच्या फळीवर ठेवल्या.

‘‘लिवीन, भावजी. पर गोष्ट पुरती होऊ द्या. कागुद म्हंजी गोष्ट सासरला धाडल्यावानी. पुरती व्हायच्या आत धाडली तर तितलीच हुती.’’

‘‘मग मी भिंतीवरचे शब्द तरी उतरवून घेतो.’’

‘‘तुमी घ्याल,’’ ती म्हणाली, ‘‘पर त्यातलं काय वाचाल?’’

हे खरं होतं. ते शब्द वाचायला मुद्रितं तपासणाऱ्याची नजर उपयोगाची नव्हती.

पुढच्या आयुष्यात लेखनाबद्दल पुष्कळ ऐकलं. कुणाला निवांत खोली लागते, कुणाला पहाटेची वेळ, कुणाला विशिष्ट टाक. अडचणींबद्दलही ऐकलं, लिहिणारे अडचणींबद्दल लिहिण्याइतकंच मन लावून बोलतात. माझ्या संपादकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की घडलं काय ते पहिल्या ओळीत लिहावं, डोळ्यांनी पाहिलं नाही त्याला ‘म्हणतात’ लावावं, आणि शेवटी शिकवण देऊ नये. मी आयुष्यभर ते पाळलं. पण कथा म्हणून जे काही मी चार-दोनदा लिहायला बसलो, तेव्हा मला चुलीपुढचा तो पाटच आठवला. तिथं ना खोली होती, ना वेळ, ना कागद. तव्यावर एक बाजू भाजायला लागते तेवढा अवकाश होता. त्या अवकाशात ती बाई एक शब्द शोधी, आणि तो योग्य आहे अशी खात्री पटल्याखेरीज त्याच्या पुढे जात नसे.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात दादाची पत्रं यायची बंद झाली.

हळदीचा हंगाम कधीच संपला होता, तरी बायका काही ना काही निमित्त काढून येत होत्या. आता मात्र पडवीत हसणं कमी झालं. गोष्टीतलं आणि घरातलं यांत अंतर उरलं नव्हतं, आणि ते आधी कुठं घडलं हेही सगळ्यांना माहीत होतं: पत्रं बंद होण्याचं वहिनीनं त्रेचाळीस सालीच सांगून टाकलं होतं. गावात कुणी कुणी कुजबुजलं की तिच्याच जिभेनं ओढवून घेतलं. आईच्या कानावर ते आलं असणार. एका दुपारी मी माजघरात आडवा पडलो होतो, तेव्हा आतून आईचा आवाज ऐकला. टोमण्याचा नव्हे.

‘‘त्यो जिता हाय का न्हाई, मला एकटीला सांग. कुणाफुडं बोलायची न्हाई मी.’’

‘‘मला तरी कुठं ठावं हाय, आत्याबाई,’’ वहिनी म्हणाली. ‘‘भिंतीवर आल्याबिगर मलाबी कळत न्हाई.’’

मग चूल फुंकल्याचा आवाज आला.

दिवाळीला मी घरी होतो. फराळाच्या वेळी तिनं ‘आरसा’ नावाचा भाग सांगितला: भरतीच्या कचेरीत एक आरसा असतो, त्यात नवऱ्यानं स्वतःला वर्दीत पहिल्यांदा पाहिलेलं असतं, बाई त्या आरशासमोर उभी राहते. मी निघायच्या सकाळी चुलीमागची भिंत पाहिली. शेवटचा शब्द ‘आरसा’ होता. त्याच्या खाली कोरी माती होती. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. सांगणाऱ्यांनी सांगितलं तसं देतो.

उंदीर पडायला लागले तसं गाव उठलं. माणसं हाताला लागेल ते घेऊन माळावर गेली आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या घालून राहिली. आमच्या घराला पुढच्या दाराला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. परसाकडच्या दाराच्या कडीला वडिलांनी बाहेरून तार पिळली. माळावर काम नव्हतं. बायका एकत्र बसत, आणि सगळ्यांना गोष्टीचा शेवट हवा होता. ‘‘अजून भिंतीवर ग्येला न्हाई,’’ वहिनी म्हणाली. हे आईनं ऐकलं, काकूनं ऐकलं, इतरही काहीजणींनी ऐकलं. याबद्दल दुमत नाही. काकू म्हणाली, ‘‘हितं भिंत कुठली आणू तुला? धोंड्यावर लिव. माळाला धोंडं काय कमी हाईत?’’

‘‘धोंडा चालत न्हाई, काकू. धोंड्याफुडं चूल न्हाई.’’

‘‘मग मनात लिव आन् सांग!’’

‘‘मनात लय लिवलंय. रोज येगळं हुतंय.’’

काही दिवसांनी, भर दुपारी, बंद गावाच्या वेशीतून एक बाई आत जाताना काकूनं पाहिली. पाठमोरी. वहिनीच, असं ती तेव्हा म्हणाली. पुढे तिनंच सांगितलं की ऊन डोळ्यांवर होतं, खात्री नाही. आईचं म्हणणं, किल्ली कमरेची हलली नव्हती. त्या संध्याकाळी वहिनीनं नेहमीसारखी भाकरी केली आणि ती करपली नाही. पुढे तिला ताप आला. जांघेत गाठ आली. तिला बाजूच्या झोपडीत वेगळं ठेवलं आणि आई तिच्यापाशी राहिली. मला निरोप मिळून मी पोहोचलो तेव्हा माळाच्या कडेला राख झालेली होती. ती शेवटी काय बोलली हे मी आईला विचारलं. ‘‘पाणी मागितलं,’’ आई म्हणाली. ‘‘न् म्हणाली, निम्माच तांब्या द्या.’’

गावात परत जायच्या आधी घरं शुद्ध करायची असत. कौलं काढून आत ऊन घ्यायचं, जमीन खणून काढायची, भिंतींना चुना फासायचा. चुना फासणारी माणसं आईकडून किल्ली घेऊन पुढच्या दारानं आत गेली. आम्ही परतलो तेव्हा घर आतून पांढरं होतं. चुलीमागची भिंतही पांढरी. परसाकडच्या दाराची तार सुटलेली होती. ती कुणी सोडली हे सांगता येत नाही.

आषाढात झड लागली. कौलं घाईत बसवलेली होती. पाणी भिंतीत मुरायला लागलं. एका सकाळी आई भाकऱ्या थापत असताना समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काळसर काही दिसायला लागलं, आणि बघता बघता ती अक्षरं झाली. तिनं हाक मारली नाही. भाकरी करपल्याचा वास आला म्हणून वडील आत गेले.

काकूनं ते पाहिलं आणि दारातच थांबली. ‘‘बाहेर पडली गं ती,’’ म्हणाली. ‘‘नारळ उतरून टाका.’’ वडिलांनी नारळ उतरून टाकला, आणि उघडीप मिळताच भिंतीला चुन्याचा आणखी एक हात दिला. ऊन पडलं तसं सगळं पांढरं झालं. पुन्हा झड आली, पुन्हा अक्षरं आली. यात अद्भुत काही नाही. चुना ओला असला की आरपार दिसतो, वाळला की झाकतो. कोळशावर पातळ हात दिला तर असं होतंच. मी ते तेव्हा घरी समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. त्या रात्री कुणी स्वयंपाकघरात झोपलं नाही.

त्या झडीत मी भिंतीपुढे पाटावर बसलो. आई मागे उभी राहिली. मी वरून वाचायला सुरुवात केली. विहीर. रथ. नाग. पेव. आरसा. ‘आरसा’च्या खाली आणखी एक शब्द होता. दिवाळीला तो तिथं नव्हता. अक्षर तिचंच होतं, बाकीच्यांहून थोडं मोठं, आणि उकार-वेलांटीची गरज नसलेलं.

‘‘खालचं काय हाय?’’ आईनं विचारलं.

‘‘हाय,’’ मी म्हणालो.

‘‘व्हय, पर काय हाय?’’

‘‘तेच. ‘हाय’ असं लिहिलंय.’’

आई खाली बसली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘मोठ्यानं वाच.’’ मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. युरोपातली लढाई तोवर संपली होती, गावातली काही माणसं परतही आली होती, आणि दादाचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं. आई उठून पडवीत गेली आणि वडिलांना म्हणाली, ‘‘आता चुना नगं.’’

सांगलीत माझ्या कामाचा मोठा भाग हा होता की गावोगावच्या बातमीदारांच्या मजकुरात ‘हाय’ दिसलं की तिथं ‘आहे’ करायचं, ‘न्हाई’ दिसलं की ‘नाही’. हात इतका बसला होता की मजकूर न वाचताही मी ते करी. त्या झडीनंतर सुट्टी संपवून मी कामावर गेलो. पहिल्याच मुद्रितात तो शब्द आला. मी टाक उचलला आणि बराच वेळ तसाच बसलो, शेवटी खिळे जुळवणारा जुळारी मजकूर मागायला आला.

दादा सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात परत आला. मी त्या दिवसांत घरी होतो. तो इटलीत होता, जखमी होऊन दीर्घकाळ इस्पितळात होता. पत्रं का आली नाहीत, तर पत्रं लिहून देणारा त्याच्या शेजारीच गोळी लागून मेला होता, आणि पुढे ज्या इस्पितळात तो राहिला तिथं मराठी लिहिणारं कुणी नव्हतं. वडिलांनी माझ्याकडून लिहवून वहिनीबद्दल धाडलेलं पत्र त्याला मिळालं नव्हतं. मोटारीतून उतरल्यावर गावातल्या कुणीतरी रस्त्यातच सांगितलं. घरी आला तेव्हा त्याला काही सांगायचं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चुलीपाशी बसला होता. आई म्हणाली, ‘‘तिनं तुझी गोष्ट लिवलीय. भिंतीवर हाय.’’

दादानं भिंतीकडे पाहिलं. कडक उन्हाळा, भिंत पांढरीफटक होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे का, असा तो बघण्याचा अर्थ होता. आईनं घागरीतून तांब्या भरला आणि भिंतीवर फेकला. शब्द वर आले.

‘‘वाच,’’ ती म्हणाली.

‘‘मला ही न्हाईत येत, आये,’’ दादा म्हणाला. ‘‘पलटणीत सायबाची अक्षरं शिकवली. माझं नाव लिवतोय तेवढं.’’

म्हणून शब्द मी वाचायचे आणि गोष्ट आईनं सांगायची, असं झालं. पडवीत दोन हंगाम पाठ फिरवून हळद मोडत बसलेल्या माझ्या आईला ती गोष्ट अथपासून येत होती. विहिरीचा भाग ऐकताना दादानं मान वर केली. ‘‘ह्ये तिला कुणी सांगितलं? आमचं लगीनबी झालं न्हवतं तवा.’’

‘‘मी,’’ आई म्हणाली. ‘‘रोज इचारायची. जात्यावर दळता दळता मी सांगायची.’’

‘रथ’ आला. म्हसवडच्या जत्रेत पोर कसं हरवलं, बाप कसा रथाभोवती धावला. दादाला हसू आलं. घरी आल्यावर पहिल्यांदाच. ‘‘मी कुठं हरवलो व्हतो? मी रथाम्हागंच चाललो व्हतो. हरवला व्हता तुमी.’’

‘‘ह्येच तिनंबी लिवलंय,’’ आई म्हणाली. ‘‘त्या बाईला तितं ह्येच कळतंय.’’

दादानं पाट भिंतीच्या जवळ ओढला.

भिंत वाळत होती. शब्द फिके पडले की आई उठे, तांब्या भरे, भिंतीवर फेके आणि पुन्हा सांगायला बसे. ‘नाग’ला एक, ‘पेव’ला आणखी. मातीची भिंत, चुन्याखाली पाणी जात होतं. खालच्या बाजूला ती फुगायला लागलेली मला दिसली. मी आईला म्हणालो की आता पाणी नको. दादा म्हणाला, ‘‘सांगू दे तिला.’’ ‘आरसा’ सांगताना आई मध्येच थांबली, तिनं आठवून पाहिलं, पुढे गेली. तिनं तो सगळा सांगितला. बाई आरशासमोर उभी राहते, तिथवर.

‘‘मग?’’ दादानं विचारलं.

आईनं घागर वाकडी करून उरलेलं पाणी तांब्यात ओतलं आणि भिंतीच्या खालच्या अंगाला फेकलं. शेवटचा शब्द दिसला. मी तो वाचला. त्याच वेळी भिंतीचा तेवढा भाग सुटला, आधी वरची कड, मग सगळाच, आणि चुलीमागे खाली बसला. आतले दगड उघडे पडले.

‘‘मग म्होरं काय?’’ दादा म्हणाला.

‘‘म्होरं काय न्हाई,’’ आई म्हणाली. ‘‘हाय, येवढंच.’’

दादानं ओली माती घमेल्यात भरून परसात नेली आणि उन्हात पसरली. संध्याकाळी मी ती ढेकळं उलटसुलट करून पाहिली. काहींवर कोळशाचा काळा अंश होता. अक्षर एकाही ढेकळावर नव्हतं.